द फील्ड माइसच्या विनाइल सिंगल्सचा संग्रह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा बँड नेमका कोणाचा होता, आणि त्याला दुर्लक्षित का म्हटले जाते?

द फील्ड माइस हा दक्षिण लंडनमधील मिचम या उपनगरातला बँड होता. सुरुवातीला त्यात रॉबर्ट रॅटन आणि मायकेल हिसकॉक असे दोघेच होते, आणि ढोलवादकाची जागा ड्रम मशीनने भरून काढली होती. पुढे हार्वी विल्यम्स, अ‍ॅनमारी डेव्हिस आणि मार्क डॉब्सन हे त्यात आले आणि बँड पाच जणांचा झाला. १९८८ ते १९९१ एवढ्याच काळात त्यांचे जवळजवळ सर्व काम ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीकडून बाहेर पडले, आणि १९९१ च्या अखेरीस बँड फुटला.

दुर्लक्षाचे कारण संगीतात कमी आणि त्या काळच्या वातावरणात जास्त होते. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी सारा रेकॉर्ड्सच्या बहुतेक बँडना लाजाळू, हळवे आणि बालिश ठरवून एकाच खणात टाकले होते. मँचेस्टरच्या नृत्यसंगीताची आणि अमेरिकी गिटार बँडची चलती असताना कोणी शांतपणे प्रेमभंगाविषयी गातो, हे त्यांना टिंगलीचा विषय वाटे. श्रोत्यांचे मत मात्र इतके एकतर्फी नव्हते. जॉन पील यांच्या रेडिओ कार्यक्रमाचे श्रोते दरवर्षी आपल्या आवडत्या पन्नास गाण्यांसाठी मते देत, आणि १९८९ च्या त्या यादीत ‘सेन्सिटिव्ह’ होते.

संग्रहासाठी एकूण किती सिंगल्स मोजाव्यात?

सारा रेकॉर्ड्सने काढलेली मुख्य यादी सात तबकड्यांची आहे. कंसातला ‘सारा’चा आकडा म्हणजे कंपनीने दिलेला क्रमांक. ‘एमाज् हाउस’ (सारा १२, १९८८), ‘सेन्सिटिव्ह’ (सारा १८, १९८९), ‘द ऑटम स्टोअर’चे दोन भाग (सारा २४ आणि २५, १९९०) आणि ‘सप्टेंबर्स नॉट सो फार अवे’ (सारा ४४, १९९१) या पाच तबकड्या सात इंची आहेत. ‘सो सेड के’ (सारा ३८, १९९०) ही दहा इंची ई.पी., म्हणजे सिंगलपेक्षा लांब पण अल्बमपेक्षा लहान तबकडी, आहे आणि ‘मिसिंग द मून’ (सारा ५७, १९९१) ही बारा इंची आहे.

याशिवाय सेंट एटिएन या बँडमधील बॉब स्टॅन्ली यांच्या कॅफ या छोट्या कंपनीकडून १९८९ मध्ये ‘आय कॅन सी मायसेल्फ अलोन फॉरएव्हर’ ही सात इंची सिंगल निघाली होती. कॅफच्या तबकड्या मुळातच फार थोड्या प्रतींत काढल्या जात, त्यामुळे संपूर्ण यादी पुरी करू पाहणाऱ्याला बहुधा हीच तबकडी सर्वांत जास्त काळ थांबायला लावते.

अल्बम उपलब्ध असताना सिंगल्स जमवण्याचा आटापिटा कशासाठी?

या बँडच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर इतर बँडपेक्षा वेगळे आहे. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स यांनी १९८७ मध्ये सारा रेकॉर्ड्स सुरू केली तेव्हाच सात इंची सिंगल हे स्वतंत्र आणि पूर्ण रूप आहे, मोठ्या अल्बमची जाहिरात नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. मोठ्या कंपन्या एकच गाणे सात इंची, बारा इंची, कॅसेट आणि सी.डी. अशा चार रूपांत, प्रत्येकात एखादे वेगळे गाणे घालून विकत आणि चाहत्याला तीच वस्तू पुन्हा पुन्हा विकत घ्यायला लावत. त्याला या दोघांचा उघड विरोध होता. सिंगलवर आलेले गाणे पुन्हा अल्बमवर घालून विकणेही त्यांना पटत नसे.

त्याचा परिणाम असा की ‘स्नोबॉल’ (१९८९), ‘स्कायरायटिंग’ (१९९०) आणि ‘फॉर कीप्स’ (१९९१) हे तिन्ही अल्बम ऐकून संपवले तरी वर सांगितलेल्या सारा सिंगल्सपैकी एकाचेही शीर्षकगीत कानांवर पडत नाही. अल्बम आणि सिंगल्स हे या बँडचे दोन समांतर प्रवाह आहेत.

माझ्या मते सिंगल्सचा प्रवाह अधिक महत्त्वाचा आहे, कारण बँडविषयीचा रूढ समज त्यातच मोडून पडतो. ‘एमाज् हाउस’मध्ये ड्रम मशीनच्या बारीक ठोक्यावर नाजूक गिटार आहे, आणि टीकाकारांनी बँडची जी प्रतिमा उभी केली तिला हे गाणे एकटेच पुरेसे होते. पण त्यानंतर काही महिन्यांतच आलेल्या ‘सेन्सिटिव्ह’चा शेवट विकृत गिटारच्या आणि फीडबॅकच्या लांबलचक लोटात होतो. हळवेपणाबद्दल हिणवले जात असताना रॅटन यांनी दिलेले ते उत्तरच म्हणता येईल, आणि शब्दांइतकेच ते आवाजाच्या पातळीवरही दिलेले आहे. तिथून अडीच वर्षांत ‘मिसिंग द मून’पर्यंत पोहोचल्यावर सिंथेसायझर आणि नृत्याचा ताल यांवर उभे असलेले, सात मिनिटांहून लांब गाणे ऐकू येते. ज्याने केवळ पहिली सिंगल ऐकली आहे त्याला हा तोच बँड आहे हे सांगूनही पटत नाही. म्हणूनच सिंगल्स हाती येतील त्या क्रमाने जमवाव्यात, पण ऐकाव्यात मात्र प्रकाशनाच्या क्रमाने, असा माझा आग्रह असतो.

दहा इंची आणि बारा इंची तबकड्या सिंगल्स म्हणून धराव्यात का?

धराव्यात. ‘सो सेड के’ पाच गाण्यांची आहे आणि तिचा सूर एखाद्या लहान अल्बमसारखा सलग आहे, त्यामुळे काही संग्राहक ती वेगळ्या कप्प्यात ठेवतात. कंपनीने मात्र तिला सिंगल्सच्याच मालिकेतला क्रमांक दिला होता. दहा इंची ‘स्नोबॉल’ला सारा ४०२ आणि मोठ्या तबकड्यांना ६०१ पासूनचे वेगळे क्रमांक होते. त्यावरून प्रकाशकांनी सीमारेषा कुठे आखली होती ते स्पष्ट होते.

‘मिसिंग द मून’ बारा इंची असणे हा कंपनीच्या तत्त्वाला घातलेला अपवाद होता, आणि त्यामागे तांत्रिक कारण आहे. सात इंची तबकडीच्या एका बाजूवर मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीने चांगल्या आवाजात साधारण चार ते पाच मिनिटे मावतात. त्याहून लांब गाणे घालायचे झाल्यास खाचा जवळजवळ कोरून आवाजाची पातळी कमी करावी लागते, आणि गाण्याचा शेवट तबकडीच्या मध्याजवळ जातो. मध्याजवळ सुईखालून प्रत्येक फेरीला कमी लांबीची खाच सरकत असल्यामुळे उंच स्वर तिथे फाटू लागतात. खोल ठोक्यावर उभे असलेले सात मिनिटांचे गाणे सात इंचांत घातले असते तर त्यातला जोरच निघून गेला असता.

सारा रेकॉर्ड्सच्या क्रमांकांना इतके महत्त्व का दिले जाते?

कारण कंपनीने ती मालिका एका पूर्ण वस्तूसारखी हाताळली. क्रमांक केवळ तबकड्यांना मिळाले नाहीत. चौथा क्रमांक एका फॅन्झिनला, म्हणजे घरगुती पद्धतीने छापलेल्या पत्रिकेला मिळाला, आणि पन्नासावा क्रमांक ‘सारोपोली’ नावाच्या, पटावर खेळायच्या खेळाला. शंभरावा क्रमांक १९९५ मध्ये आला आणि त्यासोबत वॉड व हेन्स यांनी कंपनी ठरवून बंद केली. ऑगस्टअखेरीस ब्रिस्टलच्या बंदरातील थेक्ला या जहाजावर निरोपाचा कार्यक्रम झाला. शंभराव्या संकलनाचे ‘देअर अँड बॅक अगेन लेन’ हे नावही ब्रिस्टलमधील एका खऱ्या गल्लीचे आहे.

याचा परिणाम बाजारावर होतो. द फील्ड माइसची एखादी सिंगल विकत घेणारा माणूस त्या बँडचा चाहता असेलच असे नाही. एक ते शंभर ही सारी मालिका पुरी करणाऱ्यांनाही तीच तबकडी हवी असते, आणि त्या दोन गटांच्या स्पर्धेतून किंमत ठरते. केवळ या बँडपुरता संग्रह करणाऱ्याने मालिकेच्या मोहात न पडणे बरे, कारण सारा १ म्हणजे द सी अर्चिन्स यांची ‘प्रिस्टीन क्रिस्टीन’ ही तबकडी आरंभापासूनच दुर्मीळ मानली गेली आहे आणि तिथेच बहुतेकांचे अंदाजपत्रक संपते.

‘पूर्ण प्रत’ म्हणजे काय? विक्रेत्याला कोणते प्रश्न विचारावेत?

साराच्या सात इंची सिंगल्सचे नेहमीचे रूप म्हणजे एकदा दुमडलेला छापील कागद, त्याच्या घडीत तबकडी, आणि हे सारे एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत. कागद डिंकाने चिकटवलेला नसतो. ही रचना स्वस्तात होत असे आणि त्यामुळेच ती छोट्या कंपन्यांना परवडत असे, परंतु संग्राहकाच्या दृष्टीने तिचे तोटे आहेत. घडीवर पांढरी रेघ उमटते, कोपरे दुमडतात, आणि तबकडी कागदातून सरकून पिशवीत घासत राहते.

सर्वांत आधी हरवतात ते सोबतचे कागद. साराच्या पुष्कळ तबकड्यांसोबत पत्रके येत, सुरुवातीच्या काहींसोबत पोस्टरही असे, आणि त्या पत्रकांवर कंपनी चालवणाऱ्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर छापलेला असे. तो मजकूर कधी राजकीय, कधी खोडकर, कधी नुसता ब्रिस्टलच्या हवेविषयी असतो, आणि त्याच्याशिवाय तबकडीतले अर्धे बोलणे गेल्यासारखे वाटते. त्यामुळे विक्रेत्याने फक्त ‘कव्हर उत्तम’ असे लिहिले असेल तर पत्रक आहे का, पोस्टर असल्यास त्याला भिंतीवर लावल्याची भोके किंवा चिकटपट्टीचे डाग आहेत का, आणि कव्हरवर कोणी नाव लिहिले आहे का, हे तीन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत व छायाचित्रे मागवावीत. कोणत्या तबकडीसोबत नेमके काय येत असे हे डिस्कॉग्ज या संकेतस्थळावरील त्या आवृत्तीच्या नोंदीत पाहून घ्यावे.

मूळ पिशवी जपावी की फेकावी, यावर संग्राहकांचे एकमत नाही. पिशवी मऊ, चिकट किंवा धूसर झालेली असेल तर ती तबकडीपासून दूर करणेच इष्ट आहे. ज्यांना ती टाकवत नाही त्यांनी ती वेगळ्या पाकिटात ठेवावी.

दर्जाची अक्षरे वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे वेगळी का दिसतात?

दोन मापपट्ट्या प्रचलित आहेत. डिस्कॉग्जवर अमेरिकी गोल्डमाइन पद्धत वापरतात. तिच्यात मिंट, म्हणजे नवीकोरी, हिच्याखालोखाल नियर मिंट, मग व्हेरी गुड प्लस आणि मग व्हेरी गुड अशा पायऱ्या आहेत. ब्रिटनमधील जुने विक्रेते मात्र रेकॉर्ड कलेक्टर मासिकाच्या पद्धतीने मिंट, एक्सलंट आणि व्हेरी गुड असे लिहितात. ब्रिटिश ‘एक्सलंट’ साधारणपणे अमेरिकी नियर मिंट आणि व्हेरी गुड प्लस यांच्या मधोमध बसतो. ‘व्हेरी गुड’ या शब्दांना मात्र दोन्हीकडे फसू नये, कारण त्या दर्जाच्या तबकडीवर ओरखडे दिसतात आणि वाजवताना खरखर ऐकू येते.

कमी दर्जाची स्वस्त प्रत घेतली तर चालेल का?

गाण्यावर अवलंबून आहे. मोठ्या आवाजाच्या बँडच्या तबकडीवरची बारीक खरखर गिटारच्या गोंगाटात बुडून जाते. या बँडची निम्मी गाणी इतकी शांत आहेत, आणि त्यांत इतकी रिकामी जागा आहे, की प्रत्येक टिकटिक ड्रम मशीनच्या ठोक्यांच्या मध्ये येऊन बसते. ‘एमाज् हाउस’ आणि ‘द ऑटम स्टोअर’चे दोन्ही भाग यांसाठी थांबून चांगली प्रत घ्यावी. ‘सेन्सिटिव्ह’ची थोडी वापरलेली प्रत त्या मानाने सहज सोसता येते, निदान तिच्या पहिल्या बाजूपुरती.

प्रत खरी आणि मूळ आवृत्तीची आहे हे कसे ओळखावे?

तबकडीच्या शेवटच्या खाचेनंतर मधल्या लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर कोरलेली अक्षरे व अंक पाहावेत. त्यांत सहसा कंपनीचा क्रमांक, बाजूचे अक्षर आणि कोरणीचा क्रमांक असतो. कधी मूळ तबकडी कोरणाऱ्या कारागिराची खूण किंवा एखादे खासगी वाक्यही सापडते, आणि त्या काळच्या ब्रिटिश स्वतंत्र कंपन्यांना अशा वाक्यांची विशेष हौस होती. दिवा तिरका धरून ती अक्षरे वाचावीत आणि डिस्कॉग्ज किंवा ४५कॅट या संकेतस्थळांवरील नोंदींशी ताडून पाहावीत. विक्रेत्याकडे त्या पट्टीचे छायाचित्र मागण्यात संकोच बाळगू नये. जो विक्रेता या साध्या मागणीला टाळतो त्याच्याकडून महागडी प्रत न घेणे शहाणपणाचे.

योग्य किंमत कशी ठरवावी?

मागितलेल्या किमतींकडे न पाहता प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या प्रतींच्या किमती पाहाव्यात. डिस्कॉग्जवर प्रत्येक आवृत्तीच्या आधीच्या विक्रीतली सर्वांत कमी, मधली आणि सर्वांत जास्त किंमत दिलेली असते. तीत दर्जाचा फरक मिसळलेला असतो हे मात्र विसरू नये, कारण पत्रक नसलेली खरचटलेली प्रत आणि पोस्टरसह जपलेली प्रत या दोन्ही त्याच सरासरीत जातात. ब्रिटनमधील विक्रेत्याकडून पौंडांत घेताना टपालखर्चही आधी विचारून घ्यावा. एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन तबकड्या एकदम घेतल्यास तो खर्च विभागला जातो, आणि साराच्या तबकड्या विकणाऱ्याकडे त्या बहुधा एकट्यादुकट्या नसतात.

कोणत्या सिंगलपासून सुरुवात करावी?

‘सेन्सिटिव्ह’पासून. हिच्या दुसऱ्या बाजूवरचे ‘व्हेन मॉर्निंग कम्स टू टाउन’ हे पहिल्या बाजूइतकेच मोलाचे गाणे आहे, आणि ही एकच तबकडी उलटसुलट ऐकली की बँडची दोन्ही टोके कळतात.

वाजवताना काही विशेष काळजी घ्यावी लागते का?

फारशी नाही. ब्रिटिश सात इंची तबकड्यांना सहसा लहान भोक असते, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर लागत नाही. गती मात्र दर वेळी लेबलवर पाहून घ्यावी, कारण चार-पाच गाण्यांच्या ई.पी. ४५ ऐवजी ३३⅓ फेऱ्यांवरही कोरल्या जातात. सुईचा भार तिच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत ठेवावा. भार अगदी कमी ठेवल्याने तबकडी वाचते हा समज चुकीचा आहे, कारण हलकी सुई खाचेत नीट न बसता भिंतींवर आपटत जाते आणि नुकसान अधिक करते.

साफसफाई आणि साठवण कशी करावी?

रोजच्या धुळीसाठी कार्बन तंतूंचा ब्रश पुरतो. जुन्या प्रतीवरील बोटांचे ठसे आणि चिकटपणा यांसाठी शुद्ध केलेले पाणी आणि तबकड्यांसाठी बनवलेले द्रावण मऊ कापडाने खाचांच्या दिशेने फिरवावे, लेबल कोरडे राहील हे पाहावे, आणि पूर्ण वाळल्याशिवाय तबकडी कव्हरमध्ये घालू नये.

साठवणीत कागद आणि तबकडी वेगळे करण्याचा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. तबकडी आतून गुळगुळीत असलेल्या नव्या पाकिटात, तिच्याशेजारी दुमडलेले कव्हर व पत्रक, आणि बाहेरून पॉलिप्रॉपिलिनची किंवा पॉलिथिनची पिशवी, अशी रचना करावी. पी.व्ही.सी.च्या जाड व मऊ पिशव्या टाळाव्यात. त्यांना मऊ ठेवणारी रसायने हळूहळू बाहेर पडतात आणि तबकडीवर न निघणारा धुरकट थर उमटवतात. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, फार दाबून नव्हे आणि कलतील इतक्या सैलही नव्हे, आणि ऊन किंवा उष्ण यंत्र यांपासून दूर ठेवाव्यात.

तबकड्या नकोत, केवळ संगीत ऐकायचे आहे. काय घ्यावे?

१९९१ चे ‘कोस्टल’ हे संकलन साराने स्वतःच काढले होते. १९९८ मध्ये ‘व्हेअरड यू लर्न टू किस दॅट वे?’ हे दोन सी.डीं.चे संकलन हेन्स यांच्या शिन्कान्सेन या पुढच्या कंपनीकडून आले, आणि २००५ मध्ये एल.टी.एम. या कंपनीने तिन्ही अल्बम सिंगल्सची गाणी जोडून सी.डी.वर पुन्हा काढले. यांपैकी काहीही घेतले तरी गाणी मिळतात, पत्रके मिळत नाहीत.

सदस्यांची नंतरची कामे आणि इतरांनी गायलेली गाणी याच संग्रहात ठेवावीत का?

इथे प्रत्येकाने आपली हद्द आधीच ठरवून घेतलेली बरी, नाहीतर यादीला अंत राहत नाही. बँड फुटल्यावर रॅटन, डेव्हिस आणि डॉब्सन यांनी नॉर्दर्न पिक्चर लायब्ररी हा बँड केला, आणि त्यानंतर रॅटन यांचा ट्रेंबलिंग ब्लू स्टार्स हा बँड बरीच वर्षे चालला. या दोघांच्या तबकड्या म्हणजे स्वतंत्र संग्रह आहे, आणि तो त्या मानाने सोपा आहे.

एक तबकडी मात्र मी अपवाद म्हणून याच कप्प्यात ठेवण्याचा सल्ला देतो. ती म्हणजे सेंट एटिएन यांची १९९० ची ‘किस अँड मेक अप’, जी ‘स्नोबॉल’वरील ‘लेट्स किस अँड मेक अप’ या गाण्याचे नवे रूप आहे. सेंट एटिएनमधील बॉब स्टॅन्ली हेच कॅफचे चालक होते, आणि द फील्ड माइसच्या तबकड्यांचे ध्वनिमुद्रण करणारे इयन कॅट हेच पुढे सेंट एटिएनसोबत काम करू लागले. ‘मिसिंग द मून’मधला नृत्याचा ताल कोणत्या शेजारातून आला असावा, हे त्या दोन तबकड्या लागोपाठ वाजवल्यावर ऐकू येते.